पिंपातली दाढ

गॅलरीत उकिडवा बसून तो पिंपातलं तयार खत चाळत होता आणि चाळणीवर हिरवं काहीतरी उरलं. आता यात दचकण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण त्याच्या चाळणीवर कधी काही उरतच नसे, तेच तर त्याचं वैभव होतं. इमारतीतले लोक त्याला पाठीमागे खतकाका म्हणत, आणि तोंडावर म्हटलेलंही त्याला आवडलं असतं. त्यानं तो तुकडा चिमटीत धरला, पायजम्याला पुसला आणि उजेडात धरून पाहिला. प्लॅस्टिक होतं. नखाएवढा तिकोनी कोपरा, एका बाजूनं कात्रीनं सरळ कापलेला, कडेला हिरवा पट्टा. पिशवी फोडताना आपण कोपरा कापतो ना, तसला. दुसऱ्या कुणी तो भिरकावून दिला असता आणि चहा मागितला असता. पण या घरात प्लॅस्टिकला बंदी होती आणि बंदी घालणारा हाच गृहस्थ होता. दात घासायचे ब्रश बांबूचे, भाजीच्या पिशव्या जुन्या पडद्यांच्या, आंघोळीचं पाणी बादलीत धरून कुंड्यांना, आणि गच्चीवर एक सौर चूल, तिच्यात सकाळी ठेवलेले बटाटे संध्याकाळपर्यंत शिजावं की नाही याचा विचार करत बसायचे. स्वतः तो दिवसभर दंतवैद्यांसाठी कवळ्या आणि खोटे दात घडवायच्या कामाला होता, म्हणजे दिवसभर प्लॅस्टिकच कोरायचा आणि घासायचा, आणि ही गोष्ट बायको बरोबर वेळ बघून काढायची. "लोकांच्या तोंडात प्लॅस्टिक कोंबता, आणि माझा डबा तेवढा तुमच्या डोळ्यांत खुपतो," ती म्हणायची. यावर त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं आणि तिला तेवढा वेळ नसायचा. तर असल्या घरात, असल्या माणसाच्या खतात हा कोपरा आला कुठून, हे त्याला कळेना. त्यानं तो सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि उरलेलं खत न चाळताच पिशवीत भरलं.

उत्तर पुढच्याच आठवड्यात मिळालं, तेही न विचारता. तो नर्सरीत मिरचीचं बी आणायला गेला होता. नर्सरीवाला झारीनं पाणी घालता घालता मान वळवून म्हणाला, "वहिनींना सांगा, त्यांचा माल आलाय." कसला माल, असं विचारायला तोंड उघडणार तोच त्याला भिंतीशी लावलेली चळत दिसली. पिशव्यांवर पिशव्या. 'तयार कंपोस्ट. बारीक चाळलेलं. वास येत नाही.' आणि प्रत्येक पिशवीच्या कडेनं खालपासून वरपर्यंत हिरवा पट्टा. तो "बरं" म्हणाला. मग काहीतरी घ्यायला हवं म्हणून त्यानं पुदिन्याचं एक रोप घेतलं. घरी पुदिना इतका माजला होता की बायको तो कामावरच्या बायकांना वाटून थकली होती. रस्त्यानं येताना रोप हातात आणि डोकं भलतीकडेच. म्हणजे मागच्या वेळचं ते खत. त्याच्या आधीचंही. जे बहिणीकडे जाताना त्यानं डब्यात भरून भेट म्हणून नेलं होतं, तेही. मेहुणे त्या डब्यात नाक घालून म्हणाले होते, "वा, विकत घेतल्यासारखं झालंय." तेव्हा त्याला तो मान वाटला होता.

पण नुसत्या संशयावर बायकोला काही विचारणं त्याला पटेना. विचारायचं तर पुराव्यानिशी. सगळा जन्म मोजमापात गेलेला माणूस; जबड्याचा ठसा घेतल्याशिवाय त्यानं कधी दात लावला नव्हता. म्हणून एके दिवशी सकाळी, ती आंघोळीला गेलेली बघून, त्यानं पिंपाचं झाकण काढलं आणि चहाचा चोथा, कोबीची पानं, बटाट्याच्या साली आणि स्वतःचा एक जुना बनियन, यांच्या पार तळाशी एक दाढ पुरली. खालच्या जबड्यातली, डावी. गिऱ्हाइकानं रंग जुळत नाही म्हणून परत पाठवलेली, पण घडण अशी की खऱ्या दाढेनं शरमावं. सगळं कुजेल, दाढ कुजणार नाही. खत तयार झाल्यावर दाढ सापडली तर खत आपलं. नाही सापडली तर, यापुढचं वाक्य त्यानं मनातसुद्धा पुरं केलं नाही. त्यानंतर तो रोज ढवळायचा तेवढं ढवळायचा, रोज पाणी शिंपडायचा, हुंगायचा, काठीनं टोचायचा आणि बायकोकडे चोरून बघायचा. ती दवाखान्यात एक्सरे काढायची. माणसांच्या आतलं बघून बघून तिच्या चेहऱ्यावर एक प्रकारची सभ्य स्वस्थता आली होती, आणि त्या चेहऱ्यावरून त्याला काडीचा पत्ता लागेना.

त्यातच खालच्या मजल्यावरच्या बासरीच्या बाईंनी तक्रार केली. त्या मुलांना बासरी शिकवायच्या. "माझं सगळं कामच श्वासाचं आहे," असं त्यांनी कमिटीला सांगितलं, "आणि वरून येतं ते मी किती दिवस आत घ्यायचं?" कमिटीचे अध्यक्ष म्हणजे चष्म्यांचे दुकानदार. त्यांनी दोन्ही बाजू नीट पाहून निकाल दिला: रविवारी सकाळी सगळ्यांसमोर पिंप उघडायचं. वास आला तर पिंप, कुंड्या, वेल, सगळं गॅलरीतून खाली. नाही आला तर निम्मी गच्ची खतकाकांना बागेसाठी. पण पिंपाचं हल्ली काय झालं होतं ते त्याचं त्याला माहीत होतं. झाकण काढलं की डोळ्यांत पाणी यायचं, आणि आत जे होतं त्याला खत म्हणायला फार मोठं मन लागलं असतं. गेल्या वेळीही असंच होतं. त्याच्या आधीही. आणि दर वेळी तो एखाददुसरा दिवस कुठेतरी जाऊन यायचा आणि बघतो तर काळंभोर सोनं. जिवाणूंना एकांत लागतो, असा त्यानं त्यातून सिद्धांत काढला होता आणि तो सिद्धांत जेवताना बायकोला समजावूनही सांगितला होता. तिनं मन लावून ऐकलं होतं. तेव्हा भरदुपारी तिचे केस ओले होते, अवेळी न्हालेली होती, ते त्याला आत्ता आठवत होतं.

शनिवारी दोघंही घरीच होती. तो सकाळपासून गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसला, हातात वर्तमानपत्र. बायकोनं त्या खुर्चीभोवती तीनदा केर काढला. मग म्हणाली, "तुमच्या बहिणीकडे बऱ्याच दिवसांत गेला नाहीत."

"परवाच फोन झाला."

"फोन वेगळा. जाऊन या."

"आज नको."

थोड्या वेळानं ती पुन्हा आली. "चष्म्याची काडी ढिली झालीय म्हणत होतात."

"घट्ट केली."

ती आत गेली. स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला, तिच्यासारख्या बाईच्या मानानं जरा मोठा. मग ती दारात येऊन उभी राहिली, त्याच्याकडे बघत, आणि तिच्या चेहऱ्यावरची ती स्वस्थता पहिल्यांदाच थोडी ढळलेली त्याला दिसली. "अहो, निदान केस तरी कापून या," ती म्हणाली. "उद्या चार लोक येणार. असं बरं दिसतं का?"

केस त्यानं बुधवारीच कापले होते. तिला ते माहीत होतं, तीच म्हणाली होती चांगले कापले म्हणून. त्यानं डोक्यावरून हात फिरवला. हाताला फारसं काही लागलं नाही. आता हो म्हणायचं म्हणजे सगळ्याला हो म्हणायचं, हे त्याला लख्ख कळलं. "जाऊन येतो," तो म्हणाला आणि चपला घातल्या. पण त्याच्या मनात होतं वेगळंच. गल्लीच्या तोंडाशी सलून होतं, इमारतीच्या समोरच. तिथून फाटक दिसायचं. ती बाहेर पडली की आपण उठायचं, गाठायचं, आणि रस्त्यात, पिशव्या हातात असतानाच विचारायचं. काय विचारायचं ते अजून ठरलं नव्हतं, पण सूर ठरला होता.

"काका, बुधवारीच तर येऊन गेलात," सलूनवाला म्हणाला.

"हो."

"मग आता काय कापू?"

"असेल ते काप."

सलूनवाल्यानं खांदे उडवले आणि त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं. आरशात मागचा रस्ता दिसत होता, रस्त्यापलीकडे फाटक. कात्री कानाशी कचकचू लागली, नुसत्या हवेत. त्याला राग आला होता, आणि तो राग त्याला बरा वाटत होता. फसवलं आपल्याला. एकदा नाही, दर वेळी. आपण व्याख्यानं देत होतो आणि ही ऐकत होती. आपण मुलीला फोनवर सांगितलं होतं, तुझ्या बाबांनी माती तयार केली म्हणून. तेव्हाही ही शेजारी उभी राहून माना डोलावत होती. त्याला ते पहिलं खत आठवलं. ते दिवसच वाईट होते. कामावर मालकाच्या मुलानं नवीन यंत्र आणलं होतं, ते पडद्यावर बघून आपोआप दात कोरायचं, आणि याच्याकडे राहिलं होतं नुसतं शेवटचं घासणं. कुणी टाकून बोललं नव्हतं. फक्त त्याचं टेबल खिडकीजवळून हलवून कपाटाजवळ नेलं होतं. घरी येऊन तो जेवायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. बायको काही विचारायची तर "काही नाही" म्हणायचा. मग कुणाच्या तरी नादानं तो त्या पर्माकल्चरच्या, म्हणजे निसर्गाच्या कलानं शेती करायच्या, शिबिराला गेला, येताना पिंप घेऊन आला, आणि पहिल्याच खेपेला त्या पिंपानं असा काही घाण वास मारला की इमारतीचं मांजर जिना सोडून पाइपावरून जायला लागलं. तेव्हा त्यानं झाकण लावलं आणि म्हणाला, "मला हेही जमत नाही." एवढंच म्हणाला आणि बहिणीकडे निघून गेला. परत आला तो पिंपात खत. किती बोलला होता तो त्या संध्याकाळी. जेवण गार झालं तरी बोलतच होता.

कात्री थांबली. "मागून मशीन मारू?" सलूनवाल्यानं विचारलं, आणि त्याच वेळी आरशात फाटक उघडलं. बायको बाहेर आली. दोन्ही हातांत दोन पिशव्या, भरलेल्या, तोंडं दोरीनं आवळलेली, कडेनं हिरवे पट्टे. आधीच आणून दडवलेल्या नव्या खताच्या, आता रिकाम्या झालेल्या पिशव्यांतच तिनं ही घाण भरली होती. पिशवीसुद्धा वाया जाऊ दिली नव्हती. दहा पावलांवर ती थांबली, पिशव्या भिंतीशी टेकवल्या, उजवा खांदा चोळला, आणि पुन्हा उचलल्या. तो खांदा. किती दिवस ती खांदा दुखतो म्हणत होती, आणि तो म्हणत होता, दवाखान्यात ती जड यंत्रं ढकलू नकोस, त्यांना सांग, आपलं वय झालं. शिबिरात शिकलेला व्यायामसुद्धा त्यानं तिला करून दाखवला होता, हात असे गोल फिरवायचे म्हणून. तिनं फिरवले होते. आता उठायची वेळ होती. नुसतं कापड काढून रस्ता ओलांडायचा. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कापडाखाली त्याचे हात खुर्चीला घट्ट धरून राहिले. राग होता तिथंच होता, पण आता तो कुणावर काढायचा हे त्याला सापडेना. बायको बसच्या थांब्याकडे वळली, एका बाजूला कललेली, नाक रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला वळवून.

"काका, मशीन मारू का?"

"मार," तो म्हणाला. "सगळीकडून मार. सावकाश."

सलूनवाल्याला यापेक्षा जास्त वेळ लावता येईना. डोकं संपल्यावर यानं भुवया सारख्या करून घेतल्या, कानांवरचे केस काढून घेतले, मग डोकं दाबून घेतलं, मग बाकावर बसून कालचं वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचलं. फाटकातून ती परत आत गेलेली दिसली, हात रिकामे. त्यानंतरही तो थोडा बसला, तिची आंघोळ होऊन जावी म्हणून. घरी आला तेव्हा तिनं दार उघडलं, केस ओले. ती त्याच्या डोक्याकडे बघत राहिली. त्या डोक्यावर आता बघण्यासारखं एवढंच होतं की तिथं काही नव्हतं.

"हे काय?" ती म्हणाली.

"उकडत होतं."

"बुधवारी नव्हतं उकडत?"

"आज जास्त आहे," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. जेवताना दोघंही आमटी गरम आहे की नाही एवढंच बोलली. गॅलरीचं दार दोघांपैकी कुणीच उघडलं नाही.

रविवारी मंडळी जमली. अध्यक्ष आले ते खिशात भिंग घेऊन. बासरीच्या बाई आल्या, आणि त्यांच्यामागून ज्यांचा काही संबंध नव्हता असे सगळे. बायको दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली. त्यानं झाकण काढलं. आत काळंभोर, मऊ, एकसारखं खत. त्यानं ओळखलं, पट्टेवाल्या पिशवीतलं. बासरीच्या बाई पुढे झाल्या, डोळे मिटले आणि त्यांनी श्वास आत घ्यायला सुरुवात केली. त्यांचा धंदाच तो. तो श्वास इतका लांबला की अध्यक्षांनी मधेच घड्याळ पाहिलं. "काही नाही," शेवटी बाई म्हणाल्या, आणि त्यांचीच थोडी निराशा झाल्यासारखी दिसली. लोकांनी माना हलवल्या. आता दाखवायचं म्हणून त्यानं पिंपात हात घातला, नेहमीसारखा कोपरापर्यंत, मूठभर खत वर काढायला, आणि तळाशी बोटांना ती लागली.

दाढ. खालची, डावी. त्यानं न बघता ओळखली. क्षणभर त्याच्या छातीत असं काही उसळलं की डोळ्यांपुढचे लोक पुसट झाले. म्हणजे हे आपलंच. काल तिनं नेलं ते दुसरंच काहीतरी होतं, आणि हे, हे आपल्या हातचं, आपल्या बनियनचं, कोबीच्या पानांचं. रात्रीतून जमून आलं. असं होतं कधी कधी, जिवाणूंना एकांत लागतो. मुठीत खतासकट दाढ घेऊन त्यानं हात बाहेर काढला आणि अंगठा दाढेवरून फिरवला. दाढेच्या माथ्यावर ज्या खाचा असतात त्या त्यानं स्वतः कोरल्या होत्या, बारीक अवजारानं, भिंग लावून. इतके दिवस चोथ्यात पुरलेल्या दाढेच्या त्या खाचा गच्च भरायला हव्या होत्या. त्यात कणसुद्धा नव्हता. वरवरचं खत झटकलं तर दाढ लख्ख पांढरी. घासलेली. ब्रशनं घासलेली, आणि मग परत आणून, नव्या खतात, बरोबर तळाशी ठेवलेली. त्यानं मान वर केली. बायको त्याच्याकडेच बघत होती, एक्सरे धरून बघावा तशी.

"थांबा," बासरीच्या बाई म्हणाल्या. त्यांची नाकपुडी हलत होती. "आता येतोय काहीतरी. साबणाचा वास येतोय."

सगळे पिंपाकडे बघायला लागले. त्यानं मूठ पाठीमागे नेली.

"यांच्या हातांचा," बायको दारातून शांतपणे म्हणाली. "चार लोकांसमोर जायचंय, हात धुऊन जा, असं मीच सांगितलं."

"आणि हातात काय आहे?" अध्यक्षांनी भिंग काढलं.

"दाढ," तो म्हणाला. "एका गिऱ्हाइकाची. खिशातून पडली असेल."

"यांच्या खिशातून कधी काही पडत नाही," बायको म्हणाली, पण ती कुणाला उद्देशून बोलली नव्हती, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. अध्यक्षांनी दाढेची घडण बघून "वा" म्हटलं आणि दाढ परत दिली. मग ते म्हणाले, "आता आम्हाला सांगा, हे जमवायचं कसं?" या प्रश्नासाठी त्यानं आठवडाभर भाषण पाठ केलं होतं. ओलं किती, सुकं किती, हवा कुठून, पाणी कधी. त्यातलं एक अक्षर आठवेना. तो म्हणाला, "झाकण लावायचं आणि घराबाहेर जायचं. फार बघत बसायचं नाही." लोक हसले. कुणीतरी त्याच्या डोक्याकडे बघून म्हणालं, "आणि केस कापून यायचे." तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं बायको हसली, आणि मग तोंडावर हात ठेवून आत निघून गेली. गच्ची मिळाली. शिवाय प्रत्येक घरात एकेक पिंप ठेवायचं आणि खतकाकांनी सगळ्यांना शिकवायचं, असंही ठरलं, एकमतानं.

लोक गेल्यावर ती ओट्याशी कप विसळत होती. तो दारात उभा राहिला. शेवटी तिनंच विचारलं, "आता सगळ्या इमारतीचं मी वाहू का?"

"खांदा कसा आहे?" तो म्हणाला.

तिनं कप उपडा ठेवला. "आहे," ती म्हणाली. आणि मग, नळ बंद करून, "दाढ पुरायची काय गरज होती? विचारायचं की सरळ."

"तू सांगायचंस."

"तुम्ही जेवताना बोलायला लागला होतात," ती म्हणाली आणि दुसरा कप उचलला.

त्यानं फडकं घेतलं आणि विसळलेले कप पुसायला लागला. ते त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं आणि आताही धड जमत नव्हतं. "नेतेस कुठं ते?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "उद्या अर्धी सुट्टी काढा."

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, एक्सरेच्या खोलीच्या खिडकीखाली, मोडक्या खाटा टाकून दिलेली एक पडीक पट्टी होती. बायको पुढे, तो मागे. कोपऱ्यावरून वळला आणि उभाच राहिला. खाटा दिसतच नव्हत्या. त्यांच्या लोखंडी नळ्यांवरून टोमॅटोचे वेल चढले होते आणि वजनानं खाली आले होते. एका खाटेच्या मधोमध भोपळा बसला होता, पेशंटच्या जागी. कुणी लावलेलं नव्हतं, कुणी पाणी घातलेलं नव्हतं, ओळ नाही, वाफा नाही. ती दर वेळी नुसती आणून ओतायची, नाक धरून, आणि मागे न बघता कामावर जायची. दवाखान्यातली माणसं येता-जाता टोमॅटो तोडून न्यायची. त्यानं पायानं पाला बाजूला केला. खाली माती. काळी, भुसभुशीत, ओलसर. तिच्यात बांबूच्या ब्रशचा निम्मा खाल्लेला दांडा, आणि त्याशेजारी आधीच्या एका खेपेत टाकलेल्या त्याच्या बनियनच्या गळ्याची शिवण, नुसती शिवण, बाकीचा बनियन कुठल्या कुठे गेलेला. त्याचंच होतं ते. पहिल्या खेपेपासूनचं सगळं. जमलं होतं. फक्त तो तिथं नव्हता, म्हणून जमलं होतं.

त्याचे डोळे भरून आले, आणि हे कळू नये म्हणून तो लगेच बोलायला लागला. "हे बघ, इथं वर सुका पाला पसरायला हवा," तो वाकून म्हणाला, "आणि हा वेल इकडून बांधून घेतला, नि जरासं ढवळलं, तर हवा खेळती राहील." त्याच्या बाह्या आपोआप वर जायला लागल्या. खिशातली दाढ मांडीला टोचत होती.

"हात लावायचा नाही," बायको मागून म्हणाली.

"अगं, नुसतं जरासं..."

"हात मागे," ती म्हणाली, ज्या आवाजात ती दिवसभर बोलायची त्या आवाजात. "सरळ उभे राहा. हलायचं नाही. मोठा श्वास घ्या."

तो शहाण्यासारखा हात मागे बांधून उभा राहिला आणि त्यानं श्वास घेतला.

"रोखा," ती म्हणाली, आणि 'सोडा' म्हणायला तिनं मुद्दाम बराच वेळ लावला.